विश्लेषण : दिवेलागणीला आजी ‘घरी जायचंय’ का म्हणतात?

स्वतःच्याच घरात बसून ‘मला घरी सोडा’ असा हट्ट, सापडत नसलेल्या चष्म्यावरून सुनेवर चोरीचा आळ, अंघोळीला नकार. स्मृतिभ्रंशात विस्मरणापेक्षा घरच्यांना जड जाते ते हे वागणे. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख जणांना हा विकार असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मांडण्यात आला.

संशय येतो कुठून?

आलॉइस अल्झायमर यांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात तपासलेल्या ५१ वर्षांच्या ऑगस्टे डेटर यांच्यातही पहिले ठळक लक्षण होते ते पतीविषयीचा संशय. वस्तू कुठे ठेवली याची नोंद मेंदूत राहत नाही; मग ‘कुणीतरी नेली’ एवढेच स्पष्टीकरण उरते. सुनेच्या मनाला ते लागते, हेही साहजिकच. तरी ‘तुम्हीच ठेवलात’ हा वाद व्यर्थ. ‘चला आई, दोघी मिळून शोधू’ म्हणावे, एक जादा चष्मा हाताशी ठेवावा. ‘हेच तुमचं घर’ हे उत्तरही सहसा पटत नाही; दिवे लवकर लावणे, माहेरचा विषय काढणे, अंगणात एक फेरी मारून आणणे बऱ्याचदा लागू पडते.

डॉक्टरांकडे कधी?

वागणे एक-दोन दिवसांतच बिघडले, तर आजार वाढला असे गृहीत धरू नये. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, सांगता न येणारे दुखणे किंवा नवे औषध यांमुळेही असे होते, लगेच दाखवावे. शांत करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने तर देऊच नयेत. मनोविकारावरील काही औषधांमुळे अशा वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे.