रोपांनी मान टाकली? आधी मुळाचा गड्डा दाबून बघा

निगडी : पावसाने ओढ दिली की ट्रेमधून आणून लावलेली टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची रोपं दुपारी मान टाकतात. पाणी दिलं की संध्याकाळी उभी राहतात आणि आपण म्हणतो, वाचली. वाचतात खरी, पण आत झालेलं नुकसान त्या दिवशी दिसत नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला होता. असा खंड लागवडीच्या तोंडावर पडला, तर मार कोवळ्या रोपालाच जास्त.

होतं काय, तर माती सुकू लागताच मुळांना ते कळतं. झाडात ॲबसिसिक ॲसिड नावाचं संप्रेरक वाढतं आणि पानांवरची बारीक छिद्रं, म्हणजे पर्णरंध्रं, मिटतात. पाण्याची वाफ थांबते, पण त्याच दारातून येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो. अन्न तयार होणं मंदावतं. घाम थांबल्यासारखं पानही तापतं. मुळात पेशी पाण्याच्या दाबानेच फुगून वाढतात, त्यामुळे पान कोमेजण्याआधीच त्याची वाढ अडलेली असते.

दुपारी वाकलेलं रोप संध्याकाळी सरळ झालं तर फार घाबरू नका. सकाळी उजाडतानाही मान खालीच असेल, तर मात्र पाण्याला उशीर नको.

फ्लॉवरचं दुखणं वेगळंच. रोपवाटिकेत ताण बसलेलं किंवा ट्रेमध्ये वय झालेलं रोप लवकर गड्डा धरतं आणि तो बटणाएवढाच राहतो. नंतर कितीही खत घाला, भरत नाही. चाकणच्या बाजारात असल्या मालाला कोण विचारणार? स्वस्तात मिळतात म्हणून पिवळी, जुनी रोपं उचलणारे इथेच फसतात.

थोडा ताण मात्र कामाचा. लागवडीआधी आठवडाभर पाणी हळूहळू कमी केलं की रोप कणखर होतं.

कोकोपीटचा गड्डा एकदा पूर्ण सुकला की पाणी बाजूने निघून जाऊ शकतं. वरून सरी ओली दिसते आणि मुळाशी कोरडं! म्हणून लावण्याआधी ट्रे नीट भिजवा, ऊन उतरल्यावर लावा, गड्ड्यावर माती ओढा, लगेच पाणी द्या. रोप सावरेपर्यंत युरिया टाकू नका. कोरड्या मातीत खताचे क्षार मुळांना पाणी घेणं आणखी अवघड करतात.