पायी शहरवाचन : वसंत ऋतूतील रत्नागिरी आणि क्षेत्रभेटीची पद्धती

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात क्षेत्रभेटीला स्थान मिळाले असले, तरी तिची पद्धती बहुतांशी सहलीचीच राहिली आहे. बस एका स्थळी थांबते, माहिती सांगितली जाते, छायाचित्रे निघतात आणि बस पुढे जाते. रत्नागिरीच्या अशाच एका भेटीनंतर प्रस्तुत लेखिकेकडे आलेल्या अहवालांत थिबा राजवाडा, लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान व रत्नदुर्ग यांची माहिती बिनचूक होती. परंतु या स्थळांमध्ये किती चढउतार आहे, याचा उल्लेख एकाही अहवालात नव्हता. म्हणून पुढील वर्षी फाल्गुनात तेच शहर दोन दिवस पायी पाहिले. त्या अनुभवाच्या आधारे पायी शहरवाचनाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सडा आणि पाखाडी :

रत्नागिरी हे सपाटीवरचे शहर नव्हे. वर जांभ्या दगडाचा सडा, खाली नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांना जोडणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्यांच्या पाखाड्या, अशी त्याची मूळ रचना आहे. मोटाररस्ता वळणे घेत उतरतो. पाखाडी मात्र विहीर, देऊळ आणि घराचे अंगण यांना जवळच्या वाटेने जोडते. त्यामुळे जुन्या वस्तीचा तर्क पाखाडीवरूनच कळतो. येथे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही उन्हाळ्यात पाणीटंचाई जाणवते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी झिरपते व उतारावरून लवकर वाहून जाते, हे वर्गात सांगता येते. पण उजाड सड्यावरून वीस मिनिटांत ओलसर वाडीत उतरल्यावर ते वेगळे सांगावे लागत नाही.

राजवाड्याची उंची :

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केले व १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि अवघ्या सहा वर्षांनी, १९१६ मध्ये, राजाचा येथेच मृत्यू झाला. हा तपशील पुस्तकात मिळतो. परंतु चढ चढून धापा टाकत वर पोहोचल्यावर भाट्याची खाडी व पलीकडचा समुद्र एकदम समोर येतो, तेव्हा स्थानबद्धतेचा एक निराळाच अर्थ उमगतो. ज्या समुद्रमार्गाने राजा आला, तोच त्याला रोज दिसत असला पाहिजे. (हा निष्कर्ष नव्हे, केवळ तर्क, पण विद्यार्थ्यांनी तो आपणहून मांडला, हे नोंदविणे अगत्याचे वाटते.) थोरल्या राजकन्येचे वंशज पुढे याच शहरात मराठी बोलत वाढले.

आळी, मंदिर आणि पालखी :

टिळक आळीतील कौलारू घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला. तेथून पतितपावन मंदिरापर्यंत पायी जाणे हा या भ्रमंतीतील सर्वांत बोलका टप्पा ठरला. स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. अस्पृश्य मानलेल्यांसह सर्व हिंदूंसाठी खुले असणारे हे मंदिर भागोजीशेठ कीर यांच्या अर्थसाहाय्याने १९३१ मध्ये उभे राहिले. एकाच गावात कोणाला कोठपर्यंत पाऊल टाकता येत होते, हा प्रश्न नकाशावर दिसत नाही. आळ्यांची नावे वाचत चालणाऱ्याला तो टाळता येत नाही. विद्यार्थ्यांतील काहींना त्या दिवशी बोलणे जड गेले.

आम्ही गेलो तेव्हा शिमगा होता. ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी शहरात फिरत होती. पालखी कोणत्या वाटेने जाते, कोठे थांबते, कोणाच्या दारी तिची पूजा होते, हे वाहनांच्या मार्गावरून ठरत नाही. ते मानपानाच्या परंपरेने ठरते. वस्त्यांचे जुने संबंध समजून घेण्यासाठी पालखीमागून एक तास चालणे उपयुक्त ठरले.

किनाऱ्याच्या दोन बाजू :

रत्नदुर्ग तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला असून त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा आहे. त्यावरील दीपगृह १८६७ चे. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीचा ‘काळा समुद्र’, तर दुसऱ्या अंगाला ‘पांढरा समुद्र’. रंग अर्थात वाळूचा. मांडवीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे जड खनिज आढळते. दोन्ही ठिकाणची मूठभर वाळू हातात घेतली असता वजनातील फरक जाणवतो. मिऱ्या येथे धूप रोखण्यासाठी टाकलेल्या दगडी बंधाऱ्यावरून चालताना एका बाजूस लाटा आणि दुसऱ्या बाजूस घरांची परसे दिसतात. बसच्या खिडकीतून हे अंतर मोजता येत नाही. आम्ही ते पावलांनी मोजले. एके ठिकाणी पावले इतकी कमी भरली की ती पुन्हा मोजून पाहिली.

व्यावहारिक अडचणी :

फाल्गुन-चैत्रात सकाळी साडेदहानंतर दमटपणामुळे चालणे कठीण होते. म्हणून सकाळ व सायंकाळ असे दोनच टप्पे ठेवावेत. किनाऱ्यावरील टप्पा ओहोटीच्या वेळी घ्यावा. पंधराहून अधिक विद्यार्थी पाखाडीवर एकत्र नेऊ नयेत, कारण ती वाट अनेकदा कोणाच्या तरी अंगणातून जाते. गुडघ्याचा त्रास असलेल्या एका विद्यार्थिनीला दुसऱ्या दिवशी रिक्षाने न्यावे लागले. तिने रिक्षाचालकाशी झालेल्या संवादावरून लिहिलेली नोंद इतरांपेक्षा सरस होती, हेही येथे मान्य केले पाहिजे.

या वेळचे अहवाल आकाराने लहान आले. काहींत स्थळांची नावेही अपुरी होती, मात्र हाताने काढलेले नकाशे होते आणि त्यांत पाखाड्या होत्या. गुणदानाच्या तक्त्यात ‘पाहिलेली स्थळे’ एवढाच रकाना असल्याने त्यांना गुण कसे द्यावेत, याची चर्चा विभागात अद्याप चालू आहे.