त्रिमितीय स्कॅन आणि शारीरज्ञान

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात मृतदेह गवताने वेष्टून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावयास सांगितले आहे. त्यानंतर वाळा, वेळू इत्यादींच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर पाहावयाचा. खऱ्या वस्तूची संगणकीय प्रतिकृती कशी घडते, हे समजून घेताना या विधीचे स्मरण होते. मात्र लेसर स्कॅनर पृष्ठभागाच्या आत शिरत नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९४ साली ग्रेग टर्क व मार्क लेव्हॉय यांनी भाजलेल्या मातीचा एक ससा असा मोजला. लेसरची रेषा वस्तूवर पडते, कॅमेरा ती तिरप्या कोनातून टिपतो आणि त्या त्रिकोणावरून प्रत्येक बिंदूचे अंतर निघते. एका बाजूने पाहताना दुसरी झाकली जाते. म्हणून दहा स्कॅन घेऊन ते एकमेकांस शिवल्याप्रमाणे जोडले. त्यातून ६९,४५१ त्रिकोणांचा ससा तयार झाला. जेथे किरण पोचला नाही तेथे भोके राहिली.

पुढे १९९८-९९ मध्ये लेव्हॉय यांच्या चमूने फ्लॉरेन्स येथील मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' मोजला. पुस्तकांतून चालत आलेली ४३४ सें.मी. ही उंची प्रत्यक्षात ५१७ सें.मी. निघाली! आप्तवाक्य प्रत्यक्षाने पडताळावे लागते ते असे.

शरीराच्या अंतर्भागासाठी सीटी स्कॅनच्या चकत्या उपयोगी पडतात. त्यांवरून अस्थीचा पृष्ठभाग उभारण्याची 'मार्चिंग क्यूब्ज' ही रीत लॉरेन्सन व क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडली. अमेरिकेच्याच राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९४ मध्ये गोठविलेल्या पुरुषदेहाचे १ मि.मी. अंतराने घेतलेले १,८७१ छेद उपलब्ध केले.

बोरीसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास पदवीनंतर विच्छेदनगृह सहसा पुन्हा दिसत नाही. मर्मांची स्थाने रुग्णाला समजावताना वा स्वतः उजळणी करताना अशी फिरविता येणारी प्रतिमा फार मोलाची आहे. मात्र महाविद्यालयांनी तिच्या भरवशावर शवविच्छेदनाचे तास कमी करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ऊतीचा ताण, चिवटपणा, वजन हे हातालाच कळते.

आता मोबाईलने चहूबाजूंनी छायाचित्रे घेऊनही प्रतिकृती करता येते. चारठाण्याच्या जुन्या मंदिरांसाठी ती सोय उत्तम. अश्वगंधेचे अखंड मूळ किंवा गुळवेलीचे कांड नव्या कामगारास ओळखावयास शिकवितानाही ती चालेल. परंतु तिच्यात रूप येते. रस आणि गंध येत नाहीत. कुटलेल्या चूर्णात रूपही उरत नाही; तेथे फार्मसीचालकांस सूक्ष्मदर्शक व भस्मप्रमाण यांसारख्या चाचण्याच कराव्या लागतात.