‘किती तास?’ या प्रश्नाच्या पुढे

वार्षिक परीक्षा संपल्या की दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. ताप-खोकल्यासाठी आणलेल्या मुलाची तपासणी आटोपते, चिठ्ठी लिहून होते आणि उठता उठता आई म्हणते, “डॉक्टर, याला जरा तुम्हीच सांगा. सदा त्या गेममध्ये डोके खुपसून बसलेला असतो.” यावर माझा प्रश्न ठरलेला असे : “किती तास?” मुलगा खाली बघे, आई एक आकडा सांगे आणि त्या आकड्यावर आमचा निवाडा होऊन जाई.

नॉर्वेतील एका कुटुंबाची हकीकत कळल्यापासून मी या प्रश्नाला आणखी एक प्रश्न जोडतो : “कोणाबरोबर खेळतोस?” ही जोड का दिली, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मात्सचा आजार

मात्स स्टीन याचा जन्म १९८९ मधला. तो चार वर्षांचा असताना त्याला ‘डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी’ असल्याचे निदान झाले. स्नायूंच्या पेशी टिकून राहण्यासाठी डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन आवश्यक असते. हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकातच दोष असल्यामुळे स्नायू क्रमाक्रमाने झिजत जातात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. साधारणपणे साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. मूल वारंवार पडते, जिना चढताना दमते, पोटऱ्या फुगीर दिसतात आणि जमिनीवरून उठताना ते स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत उभे राहते. अशी लक्षणे दिसल्यास ‘मोठा झाला की सुधारेल’ म्हणून थांबू नये. रक्तातील सीपीके तपासणी आणि पुढे जनुकीय चाचणी यांतून निदान होते. स्टेरॉइड औषधे, व्यायामोपचार आणि हृदय व श्वसन यांची नियमित देखभाल यांनी आजाराची गती मंदावता येते. आजार मुळापासून मात्र जात नाही.

मात्सही पुढे चाकांच्या खुर्चीला बांधला गेला. शाळेच्या मैदानावर इतर मुले धावू लागली, तसा तो संगणकाकडे वळला. तारुण्यात तो ऑस्लो येथील घराला लागून असलेल्या तळघरातील सदनिकेत राहत असे. दिमतीला परिचारक असत. अखेरच्या काळात जेमतेम बोटे हलत. पण तेवढ्यावर तो खेळत राही. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत त्याने पंधरा ते वीस हजार तास खेळण्यात घालवले, असा हिशेब आहे. म्हणजे सरासरी रोज चार ते साडेपाच तास. माझा जुना प्रश्न त्याला विचारला असता, तर निवाडा काय झाला असता हे सांगायला नको.

वडील रॉबर्ट आणि आई ट्रूड यांना एकच दुःख होते. मुलाचे आयुष्य अल्प असणार, हे त्यांनी कसेबसे स्वीकारले होते. परंतु मैत्री, प्रेम, कोणाच्या तरी उपयोगी पडल्याचे समाधान यांतले काहीच त्याच्या वाट्याला आले नाही, ही खंत त्यांना जाळत होती.

पडद्यापलीकडचे गाव

संगणकावर अनोळखी माणसांनी एकत्र येऊन खेळण्याची परंपरा तशी जुनी. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचा खेळ रचला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. तरी एकाच वेळी अनेक जण त्यात वावरत. खेळाडूंचे निरीक्षण करून बार्टल यांनी पुढे त्यांचे चार प्रकार मांडले. काहींना यश हवे असते, काहींना नवे प्रदेश धुंडाळायचे असतात, काहींना दुसऱ्यावर मात करण्यातच आनंद असतो आणि काही जण केवळ माणसांच्या ओढीने येतात. २००४ मध्ये आलेला ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा त्याच कुळातला खेळ. २०१० पर्यंत त्याच्या सभासदांची संख्या एक कोटी वीस लाखांवर गेली. एवढ्या गर्दीत माणूस हरवणारच. म्हणून खेळाडू आपापले संघ बांधत. त्यांना ‘गिल्ड’ म्हणतात.

मात्स ज्या गिल्डमध्ये होता तिचे नाव ‘स्टारलाइट’. सभासद सुमारे तीस आणि युरोपभर विखुरलेले. ही मंडळी केवळ शत्रू मारण्यासाठी जमत नसत. प्रत्येकाने एक पात्र निवडायचे, त्याला स्वभाव आणि पूर्वायुष्य द्यायचे आणि त्या पात्राच्या तोंडून एकमेकांशी बोलायचे. जणू रोज रात्री रंगणारे नाटकच. कोणीही यावे आणि शिरावे, असा हा संघ नव्हता. संघ लहान, माणसे तीच, नावे कायमची आणि प्रमुख लक्ष घालणारा. त्यामुळे एखादा चार दिवस दिसला नाही, तर त्याची चौकशी होई. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत वा चाळींत जे होत असे, तेच इथे होत होते.

मात्सचे पात्र इबेलिन रेडमूर हे. रुबाबदार, बळकट आणि व्यवसायाने गुप्तहेर. हा इबेलिन खेळात आला की आधी धावायला जाई. ज्याला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नव्हते, तो रोज अर्धा तास धावत असे.

मृत्यूनंतर आलेली पत्रे

नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी मात्स गेला. हयातीत तो आपल्या आजाराविषयी ऑनलाइन अनुभव लिहीत असे. त्याच ठिकाणी रॉबर्ट यांनी निधनाची वार्ता कळवली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. कोणी वाचेल, अशी फारशी अपेक्षा नव्हती. परंतु पत्रांवर पत्रे येऊ लागली.

नेदरलँड्समधील एका तरुणीने कळवले की, अभ्यास मागे पडतो म्हणून तिच्या आईवडिलांनी तिचा संगणक काढून घेतला होता, तेव्हा मात्सने त्या पालकांना समजावणारे पत्र लिहिले होते. डेन्मार्कमधील एका आईला स्वमग्न मुलाशी जवळीक साधता येत नव्हती. मात्सने दोघांना खेळात भेटण्याचा सल्ला दिला. खेळातल्या मिठीपासून त्यांची वाट सुरू झाली. अंत्यविधीला संघातील पाच जण परदेशांतून ऑस्लोला आले. प्रवास न परवडणाऱ्यांसाठी संघाने वर्गणी काढली होती. ज्यांना येता आले नाही, त्यांनी आपापल्या गावी मेणबत्त्या लावल्या. तोवर या मंडळींपैकी कोणालाही आईवडिलांनी पाहिलेले नव्हते.

पुढे बेन्यामिन री यांनी खेळातील संभाषणांच्या नोंदींवरून ‘द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन’ हा माहितीपट केला. तो २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात मात्सला देवत्व दिलेले नाही, हे विशेष. त्याने कित्येक वर्षे आपला आजार सोबत्यांपासून लपवला. मित्र भेटायला बोलवत, तेव्हा तो टाळाटाळ करी; कधी रागावे, जिवाभावाच्या माणसांना दुखवी. अखेर त्याने आजार उघड केला, तेव्हा कोणी पाठ फिरवली नाही. उलट मैत्री गाढ झाली. मुखवटा घालून माणसांत जाता येते, पण जवळीक हवी असेल तर तो कधीतरी उतरवावा लागतो, हे त्याच्या आयुष्यातून दिसते.

मग चिंता केव्हा करावी?

या हकीकतीवरून ‘खेळू द्या हवे तितके’ असा अर्थ कोणी काढू नये. मात्सपुढे मैदानाचा पर्याय नव्हता. आपल्या बहुतेक मुलांपुढे तो आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश असून ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झाले. या निदानाला तासांची मर्यादा लावलेली नाही, हे ध्यानात घ्यावे. तीन गोष्टी पाहिल्या जातात : खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे. यामुळे अभ्यास, काम वा नाती यांचे ठळक नुकसान व्हावे लागते आणि हे चित्र साधारणपणे बारा महिने टिकावे लागते. लक्षणे तीव्र असल्यास त्याआधीही निदान करता येते.

म्हणून पालकांनी आकड्यापलीकडे पाहावे. मुलाला खेळातल्या दोन सोबत्यांविषयी काही सांगता येते का? खेळून उठल्यावर तो उत्साही असतो की चिडलेला? झोप, जेवण आणि प्रत्यक्षातले मित्र शाबूत आहेत का? खेळात पैसे लागतात का? एखादी अनोळखी व्यक्ती ‘घरी सांगू नकोस’ म्हणते का, किंवा छायाचित्रे मागते का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर त्वरित लक्ष घालावे. ताबा सुटल्याची शंका असेल, तर डॉक्टरांशी बोलावे अथवा शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला घ्यावा.

आणि एक साधा उपाय. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी खुर्ची ओढून बसावे आणि म्हणावे, “मला दाखव, तू कुठे जातोस ते.” उपदेश त्या दिवशी बाजूला ठेवावा. मात्सच्या वडिलांनी पुढे हीच हळहळ बोलून दाखवली : मुलगा रात्री उशिरापर्यंत जागतो, याचीच त्यांना काळजी होती, त्या जगात डोकावून पाहिले असते, तर मुलगा किती जणांचा आधार होता हे त्याच्या हयातीतच कळले असते. त्यांना ते पत्रांतून कळले. आपल्याला ते शेजारच्या खुर्चीवर बसून कळू शकते.