शुक्राचे अधिक्रमण बघा, पण डोळे सांभाळून



बुधवारी, 6 जून 2012 रोजी सकाळी शुक्र ग्रह सूर्यासमोरून जाणार आहे. याला अधिक्रमण म्हणतात. पिंपळगाव बसवंतला सूर्य उगवेल तेव्हाच त्यावर छोटा काळा ठिपका असेल आणि सकाळी सव्वादहापर्यंत तो सरकत राहील. मागचे अधिक्रमण 8 जून 2004 ला झाले. पुढचे थेट 11 डिसेंबर 2117 ला. म्हणजे आपल्यासाठी ही शेवटचीच संधी.

यात शुभ-अशुभ काही नाही. गरोदर बाईने कोंडून घ्यायची गरज नाही. धोका एकच, उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघण्याचा.

आम्हाला काळजी मुलांची आहे. शाळांना सुट्टी आणि आईवडील सकाळीच कांद्याच्या खळ्यावर नाहीतर मार्केटात. उगवता लाल सूर्य सौम्य वाटतो, पातळ ढगाआड तर अधिकच. मुले टक लावून बघतात. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही, तो भाजला तरी दुखत नाही. काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजरेच्या मधोमध डाग दिसू लागतो. तो कायमचा राहू शकतो.

हे वापरू नका: एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, फोटोची निगेटिव्ह, सीडी, उन्हाचा गॉगल. पाण्यातले सूर्याचे प्रतिबिंबही बघू नका. दुर्बिणीतून तर मुळीच नको, ग्रहणाचा चष्मा लावूनसुद्धा नको.

असे बघा:

1. ग्रहणाचा खास चष्मा किंवा 14 नंबरची वेल्डिंगची काच. 2010 च्या ग्रहणाचा चष्मा घरात असेल तर आधी बल्बसमोर धरून तपासा. ओरखडा किंवा भोक दिसले तर फेकून द्या. एका वेळी चार-पाच सेकंदच बघा.

2. सगळ्यांनी मिळून बघायचे तर छोट्या आरशावर कागद चिकटवा आणि कागदाला चार-पाच मिलिमीटरचे भोक ठेवा. विहाराच्या अंगणातून तो कवडसा दारातून आतल्या अंधाऱ्या भिंतीवर पाडा. आरसा भिंतीपासून 20 मीटर असेल तर सूर्य वीतभर दिसेल आणि त्यावर शुक्राचा अंधूक ठिपका. सगळ्यांनी भिंतीकडेच बघायचे, आरशात नाही. आरसा मोठ्या माणसाच्याच हाती द्या.

नंतर कुणाला डाग दिसला, अक्षरे वाकडी किंवा पुसट दिसली, तर मेडिकलमधून थेंब आणून वेळ घालवू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना किंवा सरकारी दवाखान्यात दाखवा.

आदल्या रात्रीच मुलांना हे समजावून सांगा. सकाळी कामाच्या घाईत राहून जाईल.