परवाना मोजला, काम कोणी मोजायचे?

सीरियातील यादवी २०११ मध्ये पेटली आणि शेजारच्या जॉर्डनमध्ये निर्वासितांचे लोंढे येऊ लागले. मफ्रक प्रांतात झातारीची छावणी जुलै २०१२ मध्ये उघडली, अझराकची २०१४ मध्ये. जगाने फोटो पाहिले ते या छावण्यांचे. प्रत्यक्षात नोंदणी झालेल्या सुमारे साडेसहा लाख सीरियनांपैकी पाचांतले चार जण अम्मान, इर्बिद, मफ्रक अशा शहरांत भाड्याने राहत होते. पोटासाठी ते काम करीतच होते, पण परवान्याविना. मजुरी बुडाली तर दाद मागायची सोय नव्हती आणि पकडले गेल्यास छावणीत रवानगी होण्याची धास्ती होती.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत ‘जॉर्डन कॉम्पॅक्ट’ हा करार ठरला. जॉर्डनने सीरियनांसाठी दोन लाख रोजगारसंधी खुल्या करण्याची तयारी दाखवली. त्या बदल्यात युरोपीय संघाने आयातीचे नियम सैल केले: ठरावीक १८ औद्योगिक क्षेत्रांतील ज्या कारखान्यात किमान १५ टक्के कामगार सीरियन असतील, त्याच्या मालाला सवलत. जागतिक बँकेने ३० कोटी डॉलरचे अर्थसाहाय्य मंजूर केले, मात्र हप्ते निकालांशी बांधले. त्यातला एक निकाल होता सीरियनांना दिलेल्या कामाच्या परवान्यांची संख्या.

पैसा ज्या आकड्याला चिकटतो, तो आकडा वाढतो. परवान्याचे शुल्क माफ झाले. शेतमजुरांना सहकारी संस्थांमार्फत आणि बांधकाम मजुरांना कामगार संघटनांच्या महासंघामार्फत परवाने मिळू लागले. एकाच मालकाशी बांधून घेण्याची अट या दोन क्षेत्रांत सुटली, ही सुधारणा खरी होती. हंगाम संपला की दुसरे शेत, एक इमारत झाली की दुसरी, असे ज्यांचे जगणे त्यांना जुनी अट निरुपयोगीच होती. पण एकूण बेरजेत नूतनीकरणही धरले जाई, त्यामुळे एकच माणूस दोनदा-तीनदा मोजला जाई. शिवाय अनेकांनी आधीपासून करीत असलेल्या कामाचाच परवाना काढला. कागद नवा, काम जुनेच. परवानाधारकाला मजुरी वेळेवर मिळते का, हे त्या आकड्यातून कळत नव्हते.

झातारीत तर परवान्याचा अर्थच वेगळा होता. तिथून बाहेर पडायला रजेची परवानगी लागते. २०१७ पासून कामाचा परवाना दाखवून महिनाभरापर्यंत बाहेर राहता येऊ लागले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटना व संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था यांच्या मदतीने छावणीतच रोजगार कार्यालय सुरू झाले. साहजिकच, परवान्याचा एक उपयोग फाटकाबाहेर पडण्याचाही होता. नोंदवहीत मात्र अशी प्रत्येक नोंद ‘रोजगार’ म्हणूनच चढते.

कामाच्या जागी जाऊन होणारी देखरेख निराळी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा ‘बेटर वर्क’ हा उपक्रम जॉर्डनच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत २००८ पासून चालतो. कॉम्पॅक्टनंतर युरोपीय सवलत घेणाऱ्या इतर कारखान्यांकडेही ही पाहणी वळली. पाहणी करणारे आगाऊ न कळवता येतात. हजेरीपट आणि पगारपत्रक ते शेजारी ठेवून वाचतात: ओव्हरटाइमचे तास दोन्हींत जुळतात का, कपात कशापायी झाली, सामाजिक सुरक्षेचा हप्ता भरला का. आगीच्या वेळचे दार कुलूपबंद तर नाही, परदेशी कामगारांचे पासपोर्ट मालकाने ठेवून तर घेतले नाहीत, हे तपासतात. कामगारांशी बोलणे होते ते मुकादमाच्या नजरेआड. परवान्यांच्या बेरजेपेक्षा अशी एक भेट कितीतरी जास्त सांगून जाते. तिची मर्यादाही उघड आहे: ती कारखान्यांपुरती आहे आणि बहुसंख्य सीरियन कारखान्यांत नव्हतेच.

याचे कारण अवघड नाही. औद्योगिक क्षेत्रे वस्तीपासून लांब, पगार किमान वेतनाच्या आसपास. हे कारखाने बांगलादेश, श्रीलंका, भारत इथून आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या कामगारांवर चालत आले होते. बायकामुलांसह राहणाऱ्या सीरियनाला ते परवडत नव्हते. स्त्रियांना तर बसचा प्रवास आणि मुलांना सांभाळायला कोणी नसणे हीच मोठी अडचण. सुरुवातीच्या वर्षांत एकूण परवान्यांतला त्यांचा वाटा जेमतेम चार-पाच टक्के राहिला. डॉक्टर, शिक्षक, इंजिनिअर यांचे व्यवसाय परदेशी लोकांना बंदच होते, त्यामुळे शिकलेला माणूसही मजुरीकडेच वळला.

२०१८ च्या अखेरीस युरोपने औद्योगिक क्षेत्रांची अट ढिली करून सवलत २०३० पर्यंत वाढवली. २०२१ या एका वर्षात ६२ हजारांवर परवाने निघाले, हा तोवरचा उच्चांक. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातील असद राजवट कोसळल्यावर अनेक कुटुंबे मायदेशी परतू लागली. जे मागे राहिले, त्यांच्यासाठी देखरेखीने परवाने मोजण्याऐवजी हातात पडलेली मजुरी, भरलेले हप्ते आणि टिकलेले काम मोजायला हवे.