बारदान्याचा वास

धान खरेदीचे दिवस आले की सिरोंचा तालुक्यात एका शब्दाला फार वजन येते: बारदाना. आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर आलेला शेतकरी आधी विचारतो, बारदाना आला का? पोती नसतील तर माप होत नाही, आणि धान उघड्यावर पडून राहते. इथे मराठीइतकीच तेलुगू बोलली जाते आणि तेलुगूत या पोत्याला गोनेसंची म्हणतात. आपली गोणी तीच, आणि इंग्रजांची ‘गनी’ही तीच.

नव्या पोत्यांचा गठ्ठा सोडला की एक वास नाकात शिरतो. तो मातीचा नसतो, तागाचाही नसतो. तो रॉकेलच्या जातीचा असतो. तागाचा धागा मुळात ताठर. गिरणीत तो विंचरण्याआधी मऊ पडावा म्हणून त्यावर तेल-पाण्याचे मिश्रण शिंपडतात, आणि हे तेल वर्षानुवर्षे खनिज तेल असे. कोको आणि कॉफीच्या व्यापाऱ्यांच्या लक्षात आले की हे तेल पोत्यात थांबत नाही, बियांत उतरते. तेव्हापासून अशा मालासाठी खनिज तेलाऐवजी तांदळाच्या कोंड्याचे तेल वापरून केलेली वेगळी पोती लागतात. पोत्यात किती खनिज तेल चालेल याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात लिहिलेली आहे.

हा वास मुद्दाम आधी सांगितला, कारण पुढची गोष्ट त्याच जातीची आहे. फक्त पोत्याच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आहे आणि धानाच्या जागी हवा गाळणारा फिल्टर.

संगणकाच्या चिप, लस, इंजेक्शने, उपग्रहांचे भाग या गोष्टी ‘क्लीन रूम’मध्ये तयार होतात. अशा खोलीच्या छतात फिल्टर बसवलेले असतात आणि त्यांतून गाळलेली हवा सतत खाली वाहते. या फिल्टरचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवायची होती, आणि गॅस मास्कमधल्या कागदावरून त्याची कल्पना निघाली. पुढे १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफिल्ड यांनी गाळलेली हवा एकाच दिशेने, संथ, न घुसळता वाहती ठेवण्याची युक्ती काढली. आजची क्लीन रूम त्या युक्तीवर उभी आहे.

फिल्टरच्या आत काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंचा कागद असतो, पंख्यासारख्या बारीक चुण्या घातलेला. ‘हेपा’ दर्जाचा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे दर दहा हजारांतले किमान ९,९९७ कण पकडतो. मापाला ०.३ हाच आकडा घेतात, कारण त्याच्या आसपासचे कण पकडायला सगळ्यांत अवघड. मोठे कण वेगात वळू शकत नाहीत आणि तंतूवर आदळतात. फार लहान कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि तेही तंतूला चिकटतात. मधले तेवढे निसटू पाहतात. चिपच्या कारखान्यातल्या ज्या खोल्यांना पाचव्या वर्गाच्या म्हणतात, तिथे एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे असे ३,५२० पेक्षा जास्त कण चालत नाहीत.

हे सगळे झाले धुळीचे. वासाचे काय?

वास म्हणजे सुटे रेणू. त्यांचा आकार साधारण एक नॅनोमीटर किंवा त्याहून लहान, म्हणजे आपल्या ०.३ मायक्रॉनच्या कणाच्या तीनशेव्या हिश्शाएवढा. काचेच्या कागदातून ते वाऱ्यासारखे पार होतात. मिरची तोडणीच्या दिवसांत तोंडाला फडके बांधले की धूळ कमी लागते, पण वास थोडाच थांबतो? आणि फिल्टर वास अडवत नाही इतकेच असते तरी एक वेळ चालले असते. तो वास स्वतः धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. चुण्या घातलेल्या कागदाचे क्षेत्रफळ प्रचंड, त्याला भरपूर डिंक, सील आणि चौकट. गोदामात महिनोन्‌महिने तो ज्या पिशवीत राहिला, त्या पिशवीचे रेणू त्याच्यावर बसलेले असतात. छतात बसवून हवा सुरू केली की ते खालच्या मालावर उतरतात. ज्या वस्तूवर स्वच्छतेचा सगळा भरवसा, तीच वस्तू असा मळ घेऊन आत येते.

इतक्या थोड्या वाफेने काय बिघडते, हे समजायला बोरॉनचे उदाहरण घ्यावे. सिलिकॉनला हवे तसे वीजवाहक बनवण्यासाठी त्यात बोरॉन मुद्दाम मिसळतात, आणि कित्येकदा प्रमाण असते पाच कोटी सिलिकॉन अणूंमागे बोरॉनचा एक अणू. आता फिल्टरची नेहमीची काच बोरोसिलिकेट, म्हणजे बोरॉनवाली. कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाची वाफ त्या काचेला लागली की बोरॉन सुटतो आणि नको तिथे जाऊन बसतो. म्हणून अशा ठिकाणी कमी बोरॉनची काच किंवा टेफ्लॉनच्या जातीचा पडदा वापरतात. अमोनियाची गोष्टही अशीच. चिपवर नक्षी उमटवण्यासाठी जो प्रकाशसंवेदी लेप लावतात, तो अब्जात मोजक्या भागांइतक्या अमोनियाने बिघडतो, हे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आले. अमोनिया तर माणसाच्या अंगातूनही निघतो आणि भिंतीच्या काँक्रीटमधूनही.

प्लॅस्टिकचा अनुभव मात्र आपल्या कपाटातच आहे. पांढरे धुतलेले लुगडे किंवा बाळाचे झबले प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवले आणि वर्षाने काढले, तर घडीवर पिवळट डाग दिसतात. आपण धुणाऱ्याला किंवा साबणाला दोष देतो. पॉलिथिन लवकर खराब होऊ नये म्हणून त्यात बीएचटी नावाचे रसायन मिसळलेले असते. ते प्लॅस्टिकमधून उडते, कापडात शिरते, आणि धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी गाठ पडली की पिवळे होते. कापड उद्योगाला हा दोष चांगला ठाऊक आहे. जुन्या बायका भारी लुगडे मलमलीच्या धुतलेल्या तुकड्यात बांधून ठेवत, त्यामागे किती शहाणपण होते हे मला हे रसायन वाचल्यावर कळले.

तेच बीएचटी क्लीन रूमच्या हवेत सापडते. मऊ पीव्हीसीच्या पिशवीतून थॅलेट सुटतात, सिलिकोनच्या सीलमधून सिलॉक्सेन. थॅलेटच्या बाबतीत तर एक अवघड योगायोग आहे. फिल्टरला भोक नाही ना हे तपासायला पूर्वी त्यावर तेलाचे धुके सोडत, आणि ते तेल म्हणजे डायऑक्टिल थॅलेट, जे पीव्हीसी मऊ करायला वापरतात तेच. फिल्टर चांगला आहे हे सिद्ध करण्याच्या कामातच तो माखला जात होता. आता दुसरी तेले वापरतात, आणि चिपच्या कारखान्यासाठी लॅटेक्सच्या सूक्ष्म गोळ्यांनीही चाचणी घेतात.

मग फिल्टर गुंडाळायचा कशात? मला या कामातली ही सगळ्यांत सुंदर कारागिरी वाटते, आणि तिच्याबद्दल कुणी फारसे लिहीत नाही. आधी पिशवीचीच परीक्षा होते. तिचा तुकडा बंद नळीत तापवतात, निघालेली वाफ यंत्रात घालतात आणि कोणकोणते रेणू सुटले त्यांची यादी पाहतात. पॉलिथिन चालते, पण घसरण यावी म्हणून घालतात ती मेणचट द्रव्ये आणि वाटेल ते स्थिरक नसलेले. बाहेरच्या वाफा आत येऊ नयेत म्हणून अॅल्युमिनियमचा थर असलेली पिशवी घेतात. तरी तिची आतली बाजू प्लॅस्टिकचीच असते, कारण तोंड उष्णतेने चिकटवायचे असते, आणि म्हणून निवड पुन्हा त्या आतल्या थरापाशीच येते. फिल्टर स्वच्छ खोलीतच दोन पिशव्यांत बंद होतो. पुठ्ठ्याचा खोका त्यानंतर, बाहेर. उघडताना उलटा क्रम: खोका दाराबाहेरच राहतो, पहिली पिशवी पुसून मधल्या खोलीत काढतात, दुसरी आत गेल्यावर.

पुठ्ठ्याला बाहेर ठेवण्याचे कारण नुसते धुळीचे नाही. पुन्हा वापरलेल्या कागदाच्या पुठ्ठ्यात छपाईच्या शाईचे खनिज तेल असते आणि ते उडून आतल्या मालात जाते. खोक्याखालची लाकडी फळीसुद्धा निर्दोष नसते. २००९-१०मध्ये अमेरिकेत टायलेनॉल या गोळ्यांच्या बाटल्यांना कुबट वास येतो अशा तक्रारी आल्या आणि माल परत मागवावा लागला. शोध घेतला तेव्हा धागा पोचला माल ठेवण्याच्या लाकडी फळ्यांपर्यंत. बुरशी लागू नये म्हणून लाकडावर मारलेल्या रसायनापासून ट्रायब्रोमोअॅनिसोल तयार झाले होते, आणि ते वाफ होऊन बंद बाटल्यांत शिरले होते. सागाच्या जंगलात राहणाऱ्या आपल्याला लाकडाचा वास ओळखीचा आहे, पण लाकडावर काय मारले आहे हे वासावरून सांगता येईलच असे नाही.

वाफा पकडणारे फिल्टरही असतात. त्यांत सक्रिय कोळसा असतो, बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा. एका ग्रॅम कोळशात छिद्रांच्या भिंती मिळून शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो. पण हा कोळसा वाट पाहत नाही. गोदामात शेजारी रंगाचा डबा असेल तर तो त्याचाच वास प्यायला लागतो आणि कारखान्यात पोचेपर्यंत अर्धा भरलेला असतो. काचेच्या फिल्टरची पिशवी त्याला मळू देत नाही. कोळशाच्या फिल्टरची पिशवी त्याचे आयुष्य राखते. ती फाटली त्या क्षणापासून त्याचे दिवस मोजायला सुरुवात होते.

महाराष्ट्रात या शिस्तीची सगळ्यांत कडक परीक्षा होणार आहे ती हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा तिथे ठरली आहे, आणि केंद्राने एप्रिल २०२३मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याची आयुका तिच्या सहभागी संस्थांपैकी एक. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांच्या टोकांना ४० किलोंचे काचेचे आरसे. आरशावर तेलाच्या वाफेचा पातळ थर बसला तरी तो लेसरचा प्रकाश शोषतो, तापतो आणि मोजणी बिघडते. म्हणून या यंत्राचा प्रत्येक भाग धुऊन, भट्टीत तापवून, त्यातल्या वाफा काढून टाकून, मगच गुंडाळतात. गुंडाळायला अॅल्युमिनियमचा कागद वापरतात, पण स्वयंपाकघरातला नाही. तो लाटताना लावलेल्या तेलाचा अंश त्यावर राहू शकतो. खास तेलविरहित कागद घ्यावा लागतो, वर स्वच्छ पिशवी. आणि नवल असे की भारतासाठीच्या यंत्राचे कितीतरी भाग अमेरिकेत हॅनफर्डला तयार होऊन, बांधून, वर्षानुवर्षे साठवणीत राहिले. इकडे जागा आणि मंजुरी होईपर्यंत तिकडे त्या वेष्टणांनी पहारा दिला.

हिंगोली सिरोंच्याहून दूर असली, तरी तिचे पाणी आपल्याकडेच येते. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते. दुसऱ्या बाजूचे पाणी पूर्णेतून गोदावरीत जाते. हिंगोलीवरचा पाऊस दोन वाटांनी निघतो आणि सिरोंच्याच्या संगमावर पुन्हा भेटतो.

सिरोंच्यात चिपचा कारखाना नाही. पण शस्त्रक्रियेच्या खोलीला हेपा फिल्टर लागतो, आणि दूरच्या तालुक्यात तो न्यायचा म्हटले तर हे सगळे ज्ञान इथल्या मापाने वापरावे लागते. शस्त्रक्रियेला थॅलेटची एवढी भीती नाही, तिथे प्रश्न जंतूंचा आणि धुळीचा आहे. वेष्टणाचे काम इथे वेगळे: ओल, बुरशी आणि धक्का. आलापल्लीहून सिरोंच्यापर्यंतचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिला आहे, त्याला धक्का म्हणजे काय ते सांगायला नको. काचेचा तो कागद बोटाच्या टोकाने फाटतो. फिल्टर उभा ठेवायचा, चुण्या वरून खाली येतील असा. आडवा टाकला तर चुण्या आपल्याच भाराने आणि गचक्यांनी वाकतात. त्यावर दुसरा खोका ठेवायचा नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद ट्रकमध्ये दिवसभर उभा ठेवायचा नाही, कारण तापमान चढले की प्लॅस्टिक आपल्या वाफा अधिक वेगाने सोडते. जुलैत पत्र्याच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवायचा नाही, कारण भिजलेला पुठ्ठा ही बुरशीची पहिली जागा.

आणि खते, फवारणीची औषधे किंवा डांबरगोळ्या असलेल्या खोलीत तर नाहीच. आपल्या तालुक्यात एकाच गोदामात धान, खत, मिरची आणि दवाखान्याचे सामान एकमेकांना टेकून उभे राहू शकते. खोक्यावर ‘नाजूक’ असे छापलेले असते, ‘वासापासून दूर ठेवा’ असे सहसा नसते. ते मराठीत आणि तेलुगूत दोन्हीत छापावे, हमाल वाचेल एवढ्या मोठ्या अक्षरात. बारदान्याचा वास ज्याने खांद्यावर वाहिला आहे, त्याला त्यातले कारण एका वाक्यात कळेल.